"येथेच राहा" असे कोणी म्हणावे?



आपल्या मंडळीतील तरुण नोकरीसाठी परदेशी निघाला की उपासनेत त्याच्यासाठी प्रार्थना होते आणि वडीलधारी माणसे सांगतात, "बाळ, धन्याशी इमानाने राहा. मुदत पुरी झाल्याशिवाय काम सोडू नको." हा उपदेश मीही पुष्कळदा केला आहे. काही वर्षांपूर्वी आखाती देशात गेलेल्या एका तरुणाने मला फोनवर विचारले, "काका, तीन महिन्यांचा पगार थकला आहे, पासपोर्ट साहेबांच्या कपाटात आहे. तरी इमानाने राहू ना?" मी त्याच्यासाठी प्रार्थना केली, पण आपल्या वकिलातीत जा, असे मला सुचले नाही. त्याची खंत आजही आहे.

परक्या देशातील मजुराला "टिकून राहा" असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

रूथ मवाबी, बेथलेहेमात परकी. बवाजाने तिला दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला जाऊ नको, असे सांगितले. पण तो एवढ्यावर थांबला नाही. तिला कोणी त्रास देऊ नये अशी त्याने गड्यांना ताकीद दिली, तहान लागली तर पाणी पिण्याची मोकळीक दिली, जेवणाच्या वेळी आपल्या माणसांत बसवले, आणि तिला न लाजवता पेंढ्यांतली कणसे मुद्दाम टाकायला लावली (रूथ, अध्याय 2). सुरक्षितता, अन्नपाणी, पंक्तीत जागा आणि मान, एवढे देणाऱ्याच्या तोंडी "येथेच राहा" हे शब्द शोभतात.

याच्या उलट लाबान. याकोबाने त्याच्याकडे वीस वर्षे चाकरी केली, आणि लाबानाने त्याचे वेतन दहादा बदलले (उत्पत्ती 31:41). शेवटी याकोब न सांगता निघाला. देवाने त्याला बेइमान म्हटले नाही. परत जा, ही आज्ञा देवाचीच होती.

सोडण्याची मोकळीक असते तेथेच राहण्याला इमान म्हणता येते. एरवी ती कैद होय. आखाती देशांतील 'कफाला' पद्धतीत कामगाराचा परवाना मालकाशी बांधलेला असे. कतारने 2020 साली कायदा बदलून जुन्या मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलण्याची मुभा दिली. जपानात 1993 पासून चाललेल्या प्रशिक्षणार्थी योजनेत सामान्यतः मालक बदलता येत नसे. अलीकडे तर वर्षाला हजारो प्रशिक्षणार्थी कामावरून नाहीसे होत. म्हणून 2024 साली तेथे नवा कायदा झाला व ठराविक अटींवर मालक बदलण्याची सोय करण्यात आली. दार बंद केल्याने माणूस टिकत नाही, हे राज्यकर्त्यांनाही उमगले.

मग धीर धरायचाच नाही काय? धरायचा. परकी भाषा, नवे अन्न, घरची आठवण हे कष्ट आहेत. तेथे "थोडे थांब" हा सल्ला हिताचा आहे. पगार बुडवणे, पासपोर्ट अडकवणे हा अन्याय आहे. तेथे तोच सल्ला अन्यायाला हातभार लावतो. प्रेषित पौल दासांना आज्ञापालन सांगतो, आणि लगेच धन्यांना न्यायाने व समतेने वागण्यास बजावतो (कलस्सै 3:22 ते 4:1). आपण पहिली गोष्ट शिकवतो आणि दुसरीपाशी पुस्तक मिटतो.

मंडळीला करता येण्याजोगे पुष्कळ आहे. एजंट 1983च्या कायद्याखाली नोंदलेला आहे की नाही ते पाहावे. करारपत्र तरुणाला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावे. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, मालकाची नव्हे, हे त्याला सांगावे. वकिलातीचा पत्ता त्याच्या खिशात व घरीही असावा. व्याजाने काढलेल्या कर्जापासून त्याला परावृत्त करावे, कारण कर्जदाराला अन्यायाच्या दारातूनही बाहेर पडता येत नाही.

हे आपल्या अंगणातही पाहावे. बीडकडून बेळगावच्या ऊसपट्ट्यात येणारी तोडणीवाली कुटुंबे उचल फिटेपर्यंत मुकादमाला बांधलेली असतात. आपल्यापैकी कोणाच्या शेतात ती राबत असतील, तर आपण बवाज आहोत की लाबान?

शाब्बाथशाळेच्या शिक्षकांनी रूथचा धडा घेताना मुलांना हे अवश्य विचारावे. उद्या त्यांतलाच कोणी परदेशी मजूर होईल, आणि कोणी मालक.