पाप कोणाचे?

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हे कोणाच्या पापाचे फळ अशी चौकशी केली आणि प्रभूने तो प्रश्नच नाकारला, हा योहानाच्या शुभवर्तमानातील प्रसंग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रश्न मात्र संपलेला नाही. युसूफ वडगावसारख्या गावात तीन वर्षांचे मूल नजरेला नजर देईना, हाकेला ओ देईना, एकच चाक फिरवीत बसू लागले की तो पुन्हा उठतो. ग्रहण पाळले नसेल, बाहेरची बाधा असेल. आणि बोट वळते ते आईकडे. याला आपण अडाणीपणा म्हणतो. परंतु विसाव्या शतकातील विद्वत्तेनेही तेच बोट तिच्याकडे दाखविले होते.

मनोविश्लेषणाचे ऋण मी मानतो. मेलनी क्लाइन यांनी 1930 साली डिक या नावाने चार वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो जेमतेम बोले. आई जवळ असो वा नसो, त्याला सारखेच. क्लाइनबाईंनी त्याच्यापुढे दोन आगगाड्या ठेवल्या, मोठी बाबांची आणि लहान डिकची, व त्या खेळाचा अर्थ लावीत संवाद सुरू केला. तो अर्थ मला ओढूनताणून लावलेला वाटतो. तरीही अशा मुलाच्या हालचालींना अर्थ आहे असे मानून त्याच्यासमोर बसणे, ही थोर गोष्ट होती.

पुढे वाट चुकली. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांवरून स्वमग्नतेचे वर्णन केले; ही उणीव जन्मजात असावी असे लिहूनही त्यांनी पालकांच्या थंडपणाची नोंद केली. ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 च्या ग्रंथात त्याहून पुढे जाऊन, मूल नसावे ही पालकांची इच्छाच या विकाराच्या मुळाशी आहे, असे प्रतिपादन केले. सेमिनरीत आम्हाला शिकविले होते की जाणीव आणि संमती यांवाचून गंभीर पाप घडत नाही. येथे तर आरोप अबोध मनातील इच्छेचा! आईने तो नाकारला तर नकार हाच पुरावा; कबूल करावा तर तिला ती इच्छा ठाऊकच नाही. अशा अपराधाचे पापनिवेदन तिने कसे करावे आणि क्षमा कोणी द्यावी?

1969 मध्ये कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. 1977 मध्ये फोल्स्टाइन व रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकरूप जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती, भिन्नरूप 10 जोड्यांपैकी एकीतही नव्हती. अनुवंश आणि मेंदूची घडण यांचा वाटा मोठा आहे, हे आज सर्वमान्य आहे.

बेटलहाइम बीड जिल्ह्यात आले असते तर त्यांना प्रत्येक फडावर आरोपी सापडली असती. उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. बाळ आजीजवळ राहते किंवा फडाच्या बांधावर. विरहाने मूल दुखावते, हे जॉन बोल्बी यांनी 1951 च्या अहवालात दाखविले, ते खरेच आहे. पण ते दुखणे वेगळे आणि स्वमग्नता वेगळी.

या विकाराची चिन्हे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी स्पष्ट होतात. नेमक्या त्याच वयाचे मूल वर्षातले पाच-सहा महिने फडावर, गावच्या अंगणवाडीताईंच्या नजरेबाहेर असते. गावी असताना अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ; हंगामात मात्र मुलाला कोठल्याही दवाखान्यात न्यायचे म्हटले तर खाडा पडतो, आणि मुकादम तो उचलीत धरतो.