नोंद करणाऱ्याचे ऋण

अमरावतीच्या ओसरीवर पणत्या लावताना हातातल्या आगकाडीने दादासाहेब फाळक्यांची आठवण झाली. १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी चक्क काड्या नाचविल्या! पट हरवला, नाव राहिले, ते कोणी लिहून ठेवले म्हणून.

इटलीच्या जानालबेर्तो बेंदात्सींनी हेच व्रत घेतले होते. हॉलीवुडबाहेरचे, देशोदेशींचे ॲनिमेशनकार हुडकून त्यांनी तीन खंडांचा जागतिक इतिहास लिहिला. २०२१ साली ते गेले.

कर्त्याइतकेच ऋण नोंद करणाऱ्याचेही मानावे काय? मी मानतो. अकोल्याचे माझे मामा वहीच्या कोपऱ्यात पानोपानी पोळ्याचा बैल काढीत. पाने फरफर उलटली की बैल धावे. मामांच्या मागे ती वही मीच रद्दीत घातली. शिंगांना ते कोणता रंग देत, आज आठवत नाही. विचारावे असेही कोणी उरले नाही.