आबे द्युब्वांच्या हिशेबातून सुटलेली आई

फ्रेंच धर्मगुरू आबे द्युब्वा यांनी 1792 ते 1823 ही वर्षं दक्षिण भारतात काढली, त्यातली बरीचशी म्हैसूर संस्थानात. परत जाताना भारतातल्या ख्रिस्ती धर्माच्या स्थितीवरची त्यांची पत्रं लंडनमध्ये छापून आली. टिपू सुलतानाने धरून नेलेल्या हजारो ख्रिस्ती लोकांपैकी एकानेही श्रद्धेसाठी मरण पत्करलं नाही, याची त्यांना लाज वाटते, असं त्यांत त्यांनी लिहून ठेवलंय. एकही हुतात्मा नाही, म्हणजे श्रद्धाच कच्ची.

हे लोक होते मंगळूरच्या किनारपट्टीतले कोकणी बोलणारे कॅथलिक. गोव्याहून पिढ्यापिढ्यांत तिकडे सरकलेली, भातशेतीवर जगणारी कुटुंबं. टिपूच्या इंग्रजांशी झालेल्या युद्धात त्यांनी इंग्रजांना मदत केली असा त्याला संशय होता. फेब्रुवारी 1784, राखेचा बुधवार, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस. त्या दिवशी धरपकड सुरू झाली, जमिनी जप्त झाल्या आणि बायकामुलांसकट सगळ्यांना घाट चढवून श्रीरंगपट्टणला, म्हणजे आजच्या म्हैसूरपासून पंधराएक किलोमीटरवर, चालत नेलं गेलं. संख्येचे अंदाज 30 हजारांपासून 80 हजारांपर्यंत जातात. द्युब्वा 60 हजार म्हणतात. वाटेत आणि छावणीत कित्येक मेले. पुरुषांना सक्तीने धर्म बदलायला लावून फौजेत घातलं, कित्येक मुली वेगवेगळ्या घरांत वाटल्या गेल्या. पाद्र्यांना हद्दपार केलं गेलं. 4 मे 1799 रोजी टिपू पडला तोवर पंधरा वर्षं उलटली होती.

कर्नाटकात टिपू जयंती 2015 मध्ये सरकारी झाली आणि 2019 मध्ये बंद झाली. टिपू थोर की क्रूर, या भांडणात ही माणसं दोन्ही बाजूंना पुरावा म्हणून लागली, तेवढीच. आकड्यामागची शेतकरीण मात्र कोणालाच नको असते. तिचं नाव, गाव, मुलं किती, काहीच नोंदलेलं नाही. नोंदी ठेवणारे एकतर सरदार होते, नाहीतर पाद्री.

तरीही तिच्याबद्दल काही ठामपणे म्हणता येतं, आणि तेही द्युब्वांच्याच मजकुरावरून. लाज व्यक्त करून झाल्यावर ते लगेच सांगतात, की टिपू मेल्यावर यातले बहुतेक लोक चर्चकडे परत आले. आमचा धर्म बदलला तो वरवर, मनातून आम्ही ख्रिस्तीच होतो, असं ते म्हणत. सुमारे दोन हजार जण खुद्द द्युब्वांना भेटले आणि जवळजवळ 20 हजार मंगळूरकडे परतले. आता साधा हिशेब करावा. 1785 मध्ये जन्मलेलं पोर सुटकेच्या वेळी चौदा वर्षांचं. त्याने चर्च पाहिलेलं नाही, पाद्री पाहिलेला नाही. बाप फौजेत, दुसऱ्याच नावाने. आपण कोण, हे त्याला कोणी सांगितलं? घरात उरतं कोण?

निकडीच्या वेळी पाद्री नसेल तर कोणीही पाणी घालून बाप्तिस्मा द्यावा, ही मुभा कॅथलिक चर्चने पूर्वीपासून दिलेली आहे. प्रार्थना तोंडपाठ असायच्या. संध्याकाळचा तेर्स, म्हणजे जपमाळ, त्याला पुस्तक लागत नाही. शिवाय फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ होतं, 1616 मध्ये गोव्यातल्या राचोलला छापलेलं, मराठीतलं, जवळपास अकरा हजार ओव्यांचं. कैदेच्या काळात याच पुराणाने धर्म टिकवला, अशी मंगळूरच्या समाजात परंपरा आहे. ज्ञानेश्वरीसारखंच ऐकून पाठ होणारं हे काव्य, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ते परकं नव्हतं. त्याच्या पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. 1907 ची मंगळूरची आवृत्ती निघाली ती घराघरांत राहिलेल्या हस्तलिखितांवरून.

परतलेल्यांची शेतं दुसऱ्यांच्या ताब्यात गेली होती. पुन्हा बी, पुन्हा चिखल. पण 8 सप्टेंबरचा मोंती सण चालूच राहिला, मारियेच्या जन्माचा आणि नव्या भाताचा. चर्चमध्ये आशीर्वाद दिलेली लोंबी घरी येते, दाणे सोलून दुधात किंवा नारळाच्या रसात घालतात, घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला थोडं येतं. त्या दिवशी जेवण शाकाहारी, भाज्यांची संख्या विषम. दूरदेशी असलेल्या लेकाला चार दाणे पाकिटात घालून पाठवणाऱ्या आया आजही आहेत. यात धर्म कुठे संपतो आणि शेती कुठे सुरू होते, ते वेगळं काढता येत नाही, आणि मरणावरून श्रद्धा मोजणाऱ्याच्या नजरेतून नेमकं हेच निसटतं.

द्युब्वा वाईट माणूस नव्हते. त्यांनी निराश्रित ख्रिस्ती कुटुंबांसाठी हासनजवळ शेतीची वसाहत वसवली, देवीच्या लशीचा प्रसार केला. सगळ्याच जणी तगल्या असंही नाही; परत न आलेल्यांत दुसऱ्या घरात रुजून गेलेल्या कितीतरी असणार आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. पण त्याच पत्रांत द्युब्वा कबूल करतात, की इतक्या वर्षांच्या खटपटीत आपण जेमतेम दोन-तीनशे माणसं ख्रिस्ती केली, तीही श्रद्धेपेक्षा कसल्यातरी स्वार्थाने आलेली. तिकडे पाद्र्याविना, चर्चविना पंधरा वर्षं काढून वीसएक हजार माणसं परत आली. दोन्ही आकडे त्यांच्याच पुस्तकात आहेत. ते शेजारी ठेवून पाहायचं त्यांना सुचलं नाही.