नकाराचे शिक्षण

काठी आणि कुत्रा ही अंध माणसाची वाट चालण्याची दोन जुनी साधने, असे सहज म्हटले जाते. यातला ‘साधन’ हा शब्द काठीला लागू पडतो, कुत्र्याला नाही. देकार्तने १६३७ मध्ये प्रकाशाचे स्वरूप समजावताना अंधाच्या काठीचा दृष्टान्त घेतला. मेर्लो-पाँतीने १९४५ मध्ये तीच काठी पुन्हा हाती घेतली आणि दाखवून दिले, की सवयीने ती वस्तू म्हणून उरतच नाही. हाताचीच लांबलेली संवेदना होते. कुत्र्याच्या बाबतीत असे होऊन चालत नाही. तो दुसरा आहे, यातच त्याचा सारा उपयोग. हाताचा भाग झालेला कुत्रा हाताबरोबरच खड्ड्यात जाईल.

मग जो स्वतः पाहू शकत नाही त्याने अशा दुसऱ्याला पाहून चालायला शिकवावे कसे? प्रश्न विरोधाभासाचा वाटतो, पण इतिहासाने त्याला केव्हाच उत्तर दिले आहे. व्हिएन्नातील योझेफ रीझिंगर या चाळण्या बनवणाऱ्या अंध कारागिराने १७८८ च्या सुमारास एक स्पिट्झ जातीचा कुत्रा स्वतःच तयार केला. आपल्याकडे घरोघर ज्याला पामेरियन म्हणतात, त्याच कुळातला तो. रीझिंगर त्याच्यासह इतका सफाईने चाले, की लोकांना त्याच्या अंधत्वाचीच शंका येई. स्वित्झर्लंडच्या याकोब बिरर याने आपण तयार केलेल्या कुत्र्यासह काढलेल्या पाच वर्षांचा अनुभव १८४७ मध्ये लिहून ठेवला. पुढे पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डेनबर्ग येथे शाळा निघाली, १९२९ मध्ये अमेरिकेत ‘द सीइंग आय’ उभी राहिली, आणि ही विद्या डोळस प्रशिक्षकांच्या हाती गेली. ते योग्यच झाले. परंतु अशी शाळा जिथे हाताशी नाही, तिथल्या माणसाला आजही रीझिंगरचीच वाट धरावी लागते.

ही वाट बंगळुरूच्या फूटपाथवरून जाते असे समजू. पावसाळी गटारावर टाकलेल्या दगडी लाद्या, मध्येच एक लादी गायब. पुढे फूटपाथवरच उभारलेला ट्रान्सफॉर्मर. झाडाझाडांवरून लोंबणारी केबलची वेटोळी. आणि वाहतूक तुंबली की फूटपाथवर चढणारी दुचाकी. मेट्रोच्या स्थानकात पायाला कळणारी उंचवट्यांची पट्टी आहे. बाहेर आले की ती सोबत सुटते. कुत्रा केबलखालून सहज निघून जातो, कपाळ आपटते ते माणसाचे. मग हा शिक्षक थांबतो, हाताने केबल थोपटतो, ‘इथे’ असे दाखवतो, दहा पावले मागे जातो आणि पुन्हा येतो. त्या जागा त्याने आधी काठीने आणि हाताने चाचपून पाठ केलेल्या असतात. स्वतःची नसलेली उंची आणि दोघांची मिळून होणारी रुंदी यांचा हिशेब कुत्र्याला जमेपर्यंत हे चालते.

कुत्र्याला ‘पोस्टात चल’ म्हटले की तो नेतो, अशी एक भाबडी समजूत आहे. शहराचा नकाशा माणसाच्या डोक्यात असतो. कुत्र्याच्या वाट्याला पुढची काही पावले येतात. सिग्नलचा दिवाही कुत्रा वाचत नाही. वाहनांच्या आवाजावरून माणूस ठरवतो आणि ‘पुढे’ म्हणतो. इथे खरा पेच येतो. विजेवर चालणारी स्कूटर जवळजवळ आवाज न करता येते. कानाने घेतलेला निर्णय चुकतो. त्या क्षणी आज्ञा मोडणारा कुत्राच हवा असतो. म्हणून एखादा डोळस मित्र स्कूटर सावकाश अंगावर आणतो, शिक्षक मुद्दाम ‘पुढे’ म्हणतो, आणि कुत्रा जागचा हलला नाही तर त्याला शाबासकी मिळते. शिष्याने आपली आज्ञा कधी मोडावी हे शिकवणारे गुरू आपल्या परंपरेत फार आढळत नाहीत.

डोळस प्रशिक्षक कुत्र्याचे यश पाहू शकतो. अंध शिक्षकाला केवळ अपयश कळते. टळलेला खड्डा त्याच्या अनुभवात येतच नाही. नुसते चालणे सुरळीत होते. त्याचा सारा विश्वास न घडलेल्या गोष्टींवर रचलेला असतो. आणि कुत्रा थांबला, तर तो लादी नसल्यामुळे, की समोर मांजर दिसल्यामुळे? रागाने दोरी ओढण्याचा मोह अशा वेळी स्वाभाविक असतो. पण खऱ्या नकाराला एकदा जरी शिक्षा झाली, तर कुत्रा आज्ञाधारक होतो, आणि हा आज्ञाधारकपणा प्राणघातक असतो. म्हणून आधी पाय पुढे करून जमीन चाचपायची, मग बोलायचे. हा संयम शिकण्याची पाळी कुत्र्याची नसते.

शिवाय या शहराचे आपले कुत्रे आहेत. २०२३ च्या गणनेत महापालिका हद्दीत सुमारे २ लाख ७९ हजार भटके कुत्रे मोजले गेले. प्रत्येक वळणाला कुणाचीतरी हद्द लागते. तिथे हार्नेस घातलेला कुत्रा थबकला तर ती भीती म्हणावी की सावधगिरी? बहुधा दोन्ही, आणि त्याला त्यांतला फरक करायला लावणे न्यायाचे नाही.

न्यायाचा प्रश्न निघालाच आहे, तर कांटची आठवण होते. दीर्घकाळ इमानाने सेवा केलेल्या कुत्र्याला मालकाने म्हातारपणी सांभाळावे, असे तो आपल्या नीतिशास्त्रावरील व्याख्यानांत सांगतो. मात्र कुत्र्याला निर्णयशक्ती नाही, म्हणून हे कर्तव्य खरे तर माणुसकीप्रतचे, असे त्याचे म्हणणे. ज्याच्या निर्णयावर रोज जीव टाकला जातो त्याच्यासमोर हा युक्तिवाद लंगडा पडतो. महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिराने कुत्र्यासाठी इंद्राचा रथ नाकारला; पण तो कुत्रा आपण होऊन मागे आला होता. हा बोलावून आणलेला, निवडलेला, घडवलेला आहे. त्याचे ऋण अधिक जड.

आठ-दहा वर्षांत काम थांबवण्याची वेळ येते. कुत्र्याचे पांढरे होत गेलेले तोंड मालकाला दिसत नाही. वार्धक्य त्याला हार्नेसच्या मुठीतून कळते: ओढ सैल होते, कडेशी थांबणे लांबते, जिन्यावर एक पाऊल उशिरा पडते. मग एखाद्या सकाळी खुंटीवरचा हार्नेस खाली काढल्याचा आवाज होतो आणि कुत्रा उठत नाही. हा नकार रस्त्यावरचा नसतो, घराच्या आतला असतो. पाय पुढे करून चाचपावे असे समोर काही नसते.