जुने वस्त्र : विकावे की द्यावे?

प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. मूल वाढले, त्याचे फ्रॉक, झबली, शाळेचा स्वेटर आखूड झाला. आईच्या कपाटातील चार-दोन पोशाख आता तिला होत नाहीत. कपडे मात्र अजून चांगले आहेत. त्यांचे छायाचित्र काढून, किंमत लिहून ते मोबाइलवरून विकावेत, की एखाद्या गरजू कुटुंबाला देऊन टाकावेत? बंगळुरूसारख्या शहरांत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांपुढे हा प्रश्न आज उभा आहे. ‘अंगावरून उतरलेले कपडे ख्रिस्ती माणसाने विकायचे? ते तर दान करायचे असतात,’ असे कुणी वडीलधारे म्हणतात, आणि विकणारी भगिनी ओशाळते. तिने खरोखरच ओशाळावे काय, याचा विचार पवित्र शास्त्राच्या प्रकाशात करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हा व्यवहार आहे तरी काय ते पाहू. आपल्या घरांतून जुने कपडे पूर्वीही फिरतच होते. थोरल्याचे कपडे धाकट्याला, मामेबहिणीचा परकर आतेबहिणीला. नवजात बाळाला दुसऱ्या सुदृढ बाळाचे धुऊन मऊ झालेले झबले घालीत. आजीच्या लुगड्याची दुपटी आणि गोधडी होई. यातूनही जे उरे ते बोहारीण नेई आणि त्याच्या बदल्यात पातेले किंवा डबा देई. बोहारणीशी घासाघीस करणाऱ्या गृहिणीला कोणी दयाहीन म्हटले नाही. तोही व्यापारच होता. फक्त त्यात नाण्याऐवजी भांडे होते.

बंगळुरूत बदलले ते हे, की कपडा ज्याच्याकडे जायचा ते नातेवाईकच जवळ उरले नाहीत. पुणे, सोलापूर, बेळगाव, नागपूर येथून नोकरीनिमित्त आलेले जोडपे व्हाइटफील्डला किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीत राहते. धाकटी जाऊ सातशे-आठशे किलोमीटर दूर. मग गृहसंकुलातील शेजारणींचा मोबाइलवरील गट हाच गोतावळा होतो. कपडा धुवायचा, तुटलेली गुंडी लावायची, इस्त्री करून दिवसाच्या उजेडात छायाचित्र घ्यायचे, छातीचे व उंचीचे माप लिहायचे, विचारणाऱ्यांना उत्तरे द्यायची आणि शेवटी शे-दीडशे रुपयांसाठी पुडके बांधायचे. हे कष्टच आहेत. मोठ्या प्रमाणावरही असे प्रयत्न झाले. स्त्रियांचे वापरलेले उंची कपडे विकणारी झॅपाइल ही कंपनी बंगळुरूतच उभी राहिली. अमेरिकेतील थ्रेडअप ही कंपनी २००९ साली पुरुषांच्या शर्टांच्या अदलाबदलीने सुरू झाली आणि लवकरच मुलांच्या कपड्यांकडे वळली, कारण कपडा फाटण्याआधीच तोकडा होतो तो मुलांचा. पॉशमार्क ही अमेरिकन कंपनी २०२१ मध्ये भारतात आली आणि २०२३ मध्ये येथील कारभार आवरून गेली. कंपन्या येतात आणि जातात. वाढत्या मुलांचे कपडे तोकडे होणे मात्र थांबत नाही.

शास्त्रात हन्नेची गोष्ट आहे. आपला शमुवेल तिने शिलो येथे परमेश्वराच्या सेवेस दिला, आणि दरवर्षी यज्ञासाठी जाताना ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेत असे (१ शमुवेल २:१९). मूळ इब्रीत या झग्यासाठी ‘मेईल’ हा शब्द आहे. प्रमुख याजकाच्या झग्यासाठीही तोच शब्द येतो. आईच्या हातचे छोटेसे वस्त्र आणि याजकाचे पवित्र वस्त्र यांना शास्त्र एकच नाव देते. मुलगा आता केवढा झाला असेल, याचा अंदाज ती माता वर्षभर मनाशी बांधीत असली पाहिजे. आदल्या वर्षीच्या झग्याचे काय झाले, हे शास्त्र सांगत नाही. पुढे तिला आणखी तीन पुत्र व दोन कन्या झाल्या. तो झगा धाकट्यांपैकी कुणाच्या अंगावर गेला असेल, अशी कल्पना करण्यास हरकत नसावी.

वस्त्र विकण्यात पाप आहे, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील सद्गुणी स्त्री तागाची वस्त्रे करून विकते. लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करीत होती, आणि तिच्याच घरी फिलिप्पैतील बंधुजन एकत्र येऊ लागले. म्हणजे विक्रीने अंतःकरण मलिन होते असे नाही. मग संकोच कशाचा? जे देता आले असते ते आपण विकले, याचा. म्हणून आता दानाकडेच नीट पाहिले पाहिजे.

आपल्या देशात उतरलेले वस्त्र देणे ही निरागस गोष्ट कधीच नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे. चांडाळाने तर प्रेतावरची वस्त्रे ल्यावीत, असाही नियम तेथे आहे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात मृताच्या अंगावरील वस्त्र हा महारांचा ‘हक्क’ मानला जाई. माणूस कोण आहे हे त्याच्या अंगावर दुसऱ्याचे उतरलेले वस्त्र चढवून ठरवले जात होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी, नाताळच्याच दिवशी, महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. त्या अग्नीत जीर्ण वस्त्रांचा तो नियमही होता. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी घराण्यांचे पूर्वज याच अनुभवातून ख्रिस्ताकडे आले, हे आपण विसरू नये. पुढे मिशनच्या बोर्डिंगांत परदेशी मंडळ्यांनी पाठवलेल्या कपड्यांच्या पेट्या उघडल्या जात. ते प्रेमाचे दान होते आणि त्याबद्दल कृतज्ञताच असावी. तरीही पेटीतून जो कोट निघेल तोच मुलाने घालायचा. त्याला निवड नव्हती.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून कपडे गेले, आणि त्यांतले ढीगच्या ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. सर्वस्व गमावलेल्या कोळी स्त्रियांनाही ते अंगावर घालवेनात. देणाऱ्यांना वाटले, जे आपल्याला नको ते त्यांना पुरेल. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत स्थापन केलेल्या ‘गूँज’ या संस्थेने हे दुखणे ओळखले. खेड्यातील लोक आपल्याच गावची विहीर, रस्ता किंवा तळे दुरुस्त करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून निवडून नीट केलेले कपडे घेतात, अशी पद्धत तिने घालून दिली. गुप्तांना २०१५ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या पद्धतीमागचे तत्त्व असे, की घेणाऱ्याने मान खाली घालून घ्यावे लागू नये.

हे तत्त्व शास्त्राला नवे नाही. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आज्ञा आहे, की गहाण घेण्यासाठी सावकाराने कर्जदाराच्या घरात शिरू नये. त्याने बाहेर उभे राहावे आणि कर्जदाराने आपण होऊन वस्तू आणून द्यावी. कोणती वस्तू द्यायची हे गरिबाने ठरवायचे. त्याने पांघरूण दिले, तर ते सूर्यास्तापूर्वी परत करायचे, कारण रात्री त्याच्यापाशी दुसरे काही नाही. विधवेचे वस्त्र तर गहाण घ्यायचेच नाही. आणि यापो येथील दुर्कस पाहा. तिच्या मृत्यूनंतर विधवांनी रडत रडत पेत्राला जी वस्त्रे दाखवली, ती तिने स्वतः केलेली होती (प्रेषितांची कृत्ये ९:३९). दुर्कसने त्यांना आपली उतरलेली वस्त्रे दिली, असे तेथे म्हटलेले नाही. ज्याच्यासाठी वस्त्र शिवायचे त्याचे माप ठाऊक असावे लागते, आणि माप घेण्यासाठी माणसाजवळ जावे लागते.

या कसोटीवर विक्री पाहिली, तर तिच्यात एक गुण दिसतो. दीडशे रुपये मोजून मुलीसाठी फ्रॉक घेणारी आई कोणाचे उपकार घेत नाही. ती रंग निवडते, भाव करते, नको असल्यास नको म्हणते. पगार बेताचा असलेल्या कुटुंबाला अशा खरेदीत जो मान मिळतो, तो पुष्कळ दानांत मिळत नाही. म्हणून विकणाऱ्या भगिनीने ओशाळण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे. पण तेवढ्याने तिची जबाबदारी संपत नाही.

पहिली गोष्ट सत्याची. मोबाइलच्या पडद्यावर कापड हाताला लागत नाही. काखेतला डाग, सैल झालेले इलॅस्टिक, विटलेली कड हे विकणाऱ्याने सांगितले नाही तर घेणाऱ्याला कळणार नाही. खोटी वजने-मापे वापरू नका, ही लेवीयातील आज्ञा (१९:३५-३६) छायाचित्रालाही लागू आहे. खरेदी करणाऱ्यालाही शास्त्र सोडत नाही. घेताना वस्तूला नावे ठेवणारा आणि घेऊन गेल्यावर फुशारकी मारणारा गिऱ्हाईक नीतिसूत्रांत (२०:१४) आहेच.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. हे कपडे पूर्वी घरकाम करणाऱ्या मावशींना मिळत असत. आता ते विकले जातात, आणि याबाबत मावशींना कोणी विचारलेले नसते. त्यांच्या मुलीचा एक स्वेटर गेला, हे खरे नुकसान आहे. परंतु येथे आपण स्वतःला विचारावे : तो स्वेटर दान होता, की कमी पगाराची भरपाई? योग्य वेतन, आठवड्याची सुटी आणि सणाचा बोनस हे त्यांचे देणे आहे; ते जुन्या कपड्यांनी फिटत नाही. ते देणे पुरे केल्यावर जे देऊ ते दान, आणि तेही त्यांना विचारून, निवडू देऊन.

शेताचे कोपरे कापू नका, ते गरिबांसाठी ठेवा, असे लेवीयात (१९:९) सांगितले आहे. त्याच नियमाने रूथ बवाजाच्या शेतात गेली आणि तिने आपल्या हातांनी वेचले. कोपरा कापणीच्या वेळीच सोडायचा असतो. पीक विकून झाल्यावर खळ्यात उरलेला कोंडा म्हणजे कोपरा नव्हे. विकले गेले नाही ते गरिबांना, हा क्रम उलटा आहे. देण्याचे आधी वेगळे काढावे, आणि त्यात दोन चांगले कपडे असावेत.

तिसरी गोष्ट आपल्या कपाटाची. जुने विकता येते म्हणून नवे घेण्यास मन सहज धजावते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याला एक देण्यास सांगितले (लूक ३:११). दोनांतला एक दिल्यावर देणारा आणि घेणारा बरोबरीला येतात. आपण मात्र विसावा देतो आणि एकोणीस राखतो. तो विसावा विकला काय नि दिला काय, योहानाचा प्रश्न तसाच उरतो.

विकून आलेल्या पैशांविषयी थोडक्यात. हनन्याला पेत्राने सांगितले, की शेत त्याचे होते आणि विकल्यावर मोलही त्याच्याच स्वाधीन होते. त्याचा अपराध विक्रीचा नव्हता, देखाव्याचा होता. म्हणून घरखर्चासाठी विकत असाल तर तसेच म्हणा; त्यावर सत्कर्माचे पांघरूण घालू नका.

नाताळ जवळ आला की आपण कपाटे आवरतो आणि मुलांना नवे कपडे घेतो. त्या दिवशी किमतीच्या चिठ्ठ्या लिहायला बसण्यापूर्वी एक करावे. आपल्या ओळखीतल्या एका मुलाचे नाव मनात आणावे, त्याच्या आईला माप विचारावे, आणि त्या मापाचे जे सर्वांत चांगले निघेल ते प्रथम बाजूला ठेवावे. मग बाकीचे निःसंकोच विकावे.