एका मुंगीपायी

एकाने केलेल्या गुन्ह्याची सजा त्याच्या सगळ्या जमातीला देता येते का? माणसांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर आपल्याला पाठ आहे, कारण त्याची झळ आपण सोसलेली आहे. पण हाच प्रश्न माणसापलीकडच्या जिवांपर्यंत नेला, की आपण गप्प होतो.

जळगाव जामोद म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा, कपाशीचा मुलूख. इथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही, परसातही येऊन उभा ठाकतो. पावसाळा सरता सरता आमच्या घरामागच्या मेहंदीवर बोटभर लांबीचा एक हिरवा कीटक बसलेला होता. पुढचे दोन पाय छातीशी दुमडलेले, जणू दुआ मागत असावा. आम्ही वाकून पाहू लागलो, तेव्हा धड न हलवता त्याने आपले त्रिकोणी डोके आमच्याकडे वळवले. कीटक मान वळवून आपल्याकडे बघतो, हे माणसाला सोसत नाही. मुलांनी ओरडा केला, कोणी चप्पलही आणली. तेवढ्यात शेजारचे कास्तकार काका कुंपणापलीकडून म्हणाले, "मारू नका बाप्पा त्याले! काही नाही करत तो. किडे खाते."

मराठीत त्याला प्रार्थना कीटक म्हणतात, खंडोबाचा किडाही म्हणतात. अरबीत त्याच्या नावाचा अर्थ नबींचा घोडा, तर तुर्कीत पैगंबरांचा उंट. त्याचे 'मॅन्टिस' हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थ भविष्य सांगणारा. इतक्या दूरदूरच्या लोकांनी त्याला पावित्र्य बहाल केले, ते केवळ पायांच्या घडीवरून. प्रत्यक्षात ते जोडलेले हात म्हणजे काटेरी सापळा आहे. भक्ष्य टप्प्यात आले, की क्षणार्धात तो मिटतो. मादी कधी कधी मीलनाच्या वेळी नरालाही खाते. हे कळल्यावर कोणी त्याला ढोंगी म्हणेल, क्रूर म्हणेल. पण ढोंगाला नियत लागते, आणि नियतीचा हिशेब माणसाकडून मागितला जाणार आहे, कीटकाकडून नाही. सृष्टीतली प्रत्येक वस्तू परवरदिगाराची तसबीह करते, ती तुम्हाला उमगत नाही एवढेच, असे कुरआन सांगते. मग त्याची तसबीह त्याच्या हातांच्या घडीतच आहे, किंवा मुळी नाहीच, हे ठरवणारे आपण कोण?

काकांनी त्याला वाचवले ते उपयोगाचा दाखला देऊन. तो दाखला कामी आला, पण पुरेसा नाही. हा कीटक अळी खातो, तशी मधमाशीही खातो. तो आपला चाकर नाही. उपयोग संपताच संपणारी दया ही दया नव्हे, तो व्यवहार झाला.

हदीसमध्ये एका पैगंबरांची हकिकत आहे. त्यांना मुंगी चावली, तेव्हा त्यांनी सगळे वारूळच जाळायला लावले. त्यावर अल्लाहतआलाने त्यांना विचारले, की एकाच मुंगीवर का थांबला नाहीस? एका मुंगीपायी तसबीह करणारी एक अख्खी उम्मत जाळलीस? इथे मारण्याला सरसकट बंदी नाही. नमाजात असतानाही साप-विंचू मारण्याची मुभा आपल्याला आहे. आक्षेप आहे तो एकाचा राग सगळ्यांवर काढण्याला.

आमच्या भागातला शेतकरी म्हणेल, बोंडअळीने हातचे पीक नेले तर कर्ज कोण फेडील? त्याचे म्हणणे खोटे नाही. 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात जो हाहाकार केला, तो सगळ्यांनी पाहिला. पण त्याच खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. विषाला अळी कोणती, मित्रकीटक कोणता आणि पंप पाठीवर घेतलेला मजूर कोणता, हे ओळखता येत नाही. ओळखण्याची जबाबदारी ते वापरणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची.

कृषी शास्त्रज्ञांचा सल्लाही याच वाटेने जातो. शेतात कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा अधिक पतंग आले, तरच गुलाबी बोंडअळीसाठी उपाय योजा. सुरुवातीला निंबोळी अर्क वापरून पाहा. म्हणजे आधी साक्ष, मग मोजदाद, आणि शेवटी सजा, तीही गुन्ह्याच्या बेताची. शेतकीच्या भाषेत याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. आम्हाला त्यात इन्साफाची रीत दिसते.

पुराव्यावाचून सजा नको, आणि एकाची सजा सगळ्यांना नको, एवढेच तर आपण स्वतःसाठी मागत आलो आहोत. ही मागणी रास्त आहे. म्हणूनच ती आपल्यापाशी थांबता कामा नये. आपल्याहून दुबळ्याच्या बाबतीत निवाडा करायची वेळ येते, तेव्हा इन्साफ मागणाऱ्याची खरी परीक्षा होते. समोर बोटभर कीटक असला, तरी ती परीक्षा लहान होत नाही.