पाठीवरचा वारा

यश आले की ते आपल्या कष्टाचे आणि अपयश आले की ते परिस्थितीचे, असा हिशेब मनुष्य स्वतःपुरता मांडतो. शेजाऱ्याचा हिशेब करताना मात्र तो नेमका उलट होतो. शेजाऱ्याचे यश नशिबाचे, अपयश त्याच्या आळसाचे! या हिशेबातली खोट दाखवायला आम्हांस अलीकडे सायकलीचा दृष्टांत फार उपयोगी पडतो. कीर्तनात सायकल कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे.

निगडी, भोसरी, चिंचवड, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यातली पुष्कळ माणसे हल्ली आषाढीच्या सुमारास सायकलवर पंढरपूरला जातात. पायी वारीला अडीच-तीन आठवडे लागतात, एवढी रजा कोण देतो? म्हणून एक दिवस जायला, एक दिवस यायला. एका वाटेचे अंतर दोनशे किलोमीटरच्या वर भरते. अशाच एका कामगाराने आम्हांस विचारले, "बुवा, जाताना वाटलं, पांडुरंगच ओढून नेतोय. पाय दुखले म्हणून नाहीत. आणि येताना भिगवणपाशी पॅडल हलेना. दर्शन घेतल्यावर देव रुसला का हो?"

प्रश्न भाबडा नाही. पंढरपूर पुण्याच्या आग्नेयेस आहे, आणि ज्येष्ठ-आषाढातला वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो. घाट चढताना तो आपले बहुतेक पाणी मावळात टाकतो. इंदापूरकडे पाऊस बेताचाच, पण वारा तसाच पुढे धावतो. तिकडे मुलूख सपाट, भिगवणला उजनी धरणाच्या पाण्याचा मोठा उघडा पसारा, अडवणार कोण? जाताना हा वारा पाठीशी, येताना छातीवर. पांडुरंगाने ओढले हे आम्ही खोटे म्हणत नाही, वाराही त्याचाच. पण मग छातीवर आला तोही त्याचाच, हे त्याच तोंडाने म्हणावे लागेल.

त्याचे गणितही ऐकण्याजोगे आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. स्वार ताशी २० किलोमीटरने चालला आहे आणि समोरून १५ चा वारा आहे, तर अंगावर ३५ चा वारा येतो, आणि विरोध शांत हवेच्या तिपटीहून थोडा अधिक होतो. तोच वारा पाठीशी असेल तर अंगावर उरतो फक्त ५ चा, आणि विरोध राहतो सोळावा हिस्सा. माणूस तोच, सायकल तीच, रस्ताही तोच.

आता खरी गंमत पुढे आहे. न्यायशास्त्रात वायूला रूप नाही, स्पर्श आहे. त्या स्पर्शावरून त्याचे अनुमान करायचे. पाठीवरचा वारा आपल्याच वेगाने चालू लागला की तो स्पर्शही नाहीसा होतो. चेहऱ्याला झुळूक लागत नाही, उलट घाम सुटतो, आणि स्वार म्हणतो, आज वारा पडलेला आहे, आणि आज माझे पाय चांगले चालताहेत! अनुमानाला हेतूच उरला नाही. अन्वयाने जे कळत नाही ते व्यतिरेकाने कळते, म्हणजे टेंभुर्णीकडून पुण्याकडे तोंड वळवल्यावर. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. कर्ता हे त्यांतले एक, आणि दैव पाचवे. आपण पाचव्याचे काम कर्त्याच्या खात्यावर जमा करतो, एवढाच तो घोटाळा.

हे केवळ रस्त्यापुरते असते तर आम्ही लिहिलेच नसते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ झाले, आणि माळरानावर कारखान्यांची रांग लागली. त्या वाऱ्यावर किती घरे वर आली! आळंदीकडून सायकल मारीत पहिल्या पाळीला येणाऱ्यांच्या पोटी इंजिनिअर झाले. आमच्यासमोर बसणारे पुष्कळ श्रोते त्याच घरांतले. तेच कीर्तनानंतर सुपारी कातरीत म्हणतात, "आम्ही कष्टानं वर आलो बुवा. आता ही चाकणची पोरं, सहा महिने इथे, सहा महिने तिथे, एका जागी टिकायला नको!" ही पोरे कंत्राटी आहेत. कंत्राट संपले की त्यांना जावे लागते, ती सोडून जात नाहीत. एका खोलीत पाच-सहा जण राहून, गावी पैसे पाठवून, ती त्याच यंत्रापाशी उभी असतात जिथे कोणाचे वडील कायम होते. त्यांच्या कष्टाची किंमत त्यांच्या वेगावरून करणे हे वाऱ्याची दिशा न विचारता स्वाराला आळशी ठरवण्यासारखे आहे.

यावर एक शंका निघते, आणि ती रास्त आहे. सगळे वाऱ्यावरच असेल तर पाय मारायचे कशाला? तर वारा पाठीशी असूनही पॅडल थांबवून कोणी पंढरपूरला पोचलेला नाही. पाचांत कर्ताही आहेच. वारा येईल तशी पाठ द्यावी अशी म्हण आहे, पण सायकलवाल्याला ती चालत नाही. ज्या दिशेला घर आहे तिकडेच त्याला तोंड करावे लागते.

त्या कामगाराला आम्ही विचारले, मग घरी पोचलास कसा? म्हणाला, एकामागे एक लावून. समोरून वारा असला की एकाच्या पाठीशी चाक लावून दुसरा चालतो. पुढचा वारा फोडतो, आणि मागच्याचे श्रम पाव ते तिसऱ्या हिश्शाइतके वाचतात. पुढचा दमला की बाजूला होऊन शेवटी जातो, दुसरा पुढे येतो. पुढे राहण्यात मान नाही, पाळी आहे.

"आणि ज्याला पाळी झेपत नाही तो?" आम्ही विचारले.

"त्याला पुढं जाऊच देत नाही, बुवा. इंदापूरपासून यवतपर्यंत एक म्हातारबुवा होते आमच्यात. एकदा पण पुढं नाही आले. आम्ही बोललोच नाही त्याबद्दल."